‘सगळे आले का?’ : बॉयलर रूममधल्या एका नौसैनिकाचं प्रकरण

गेली बावीस वर्षं मी नागपुरात श्रवणतपासणीचं काम करते. वयस्कर माणसांची ऐकण्याची तक्रार बहुतेक वेळा त्यांच्याआधी घरचे सांगतात. या प्रकरणात घरच्यांनीही ऐकण्याची तक्रार सांगितली नव्हती. तक्रार होती विसरण्याची. काकांची आणि त्यांच्या सुनेची परवानगी घेऊन हे लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत.

काकांचं वय ७७. मानेवाडा भागात स्वतःचं घर, पत्नी सहा वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा-सून आणि दोन नातवंडं सोबत. पोळ्याच्या दोनेक महिने आधी सून त्यांना घेऊन आली. तिच्याजवळ एका मेंदूविकारतज्ज्ञांची चिठ्ठी होती. ‘स्मृतिभ्रंशाची सुरुवात असावी, निदान पक्कं करण्याआधी कान तपासून घ्यावेत.’ ही एक ओळ लिहिली नसती तर काका माझ्यापर्यंत आलेच नसते, म्हणून त्या डॉक्टरांचे आभार आधीच मानते.

सुनेनं वहीच्या पानावर लक्षणं लिहून आणली होती. ते पान मी फाइलला लावून ठेवलं आहे. संध्याकाळी एकच प्रश्न दहा-दहा वेळा विचारतात. आपण एक बोलतो, ते भलतंच उत्तर देतात. गॅसवर कुकर ठेवलेला विसरतात, दोनदा डाळ जळली. टीव्हीचा आवाज सहन होत नाही इतका मोठा करतात. आणि शेवटची ओळ जरा वेगळ्या शाईत, बहुधा नंतर आठवून लिहिलेली: ‘यांची मोटरसायकल सुरू असली की टाकीवर हात ठेवून नुसते उभे राहतात. हाक मारली तरी हलत नाहीत.’

दहा-दहा वेळा विचारायचा तो प्रश्न होता, ‘सगळे आले का?’

पहिल्या दिवशी माझ्याकडून चूक झाली, ती इथं नोंदवते. नौदलात होते असं सुनेनं सांगितलं, म्हणून ओळख वाढावी या हेतूनं मी विचारलं, ‘काका, एकाहत्तरच्या लढाईत होतात का? काय काय पाहिलं?’ ते म्हणाले, ‘काईच नाही पाह्यलं.’ मी पुन्हा विचारलं, तेच उत्तर आलं. मी कागदावर लिहिलं, ‘जुन्या आठवणी सांगण्यास अनुत्सुक.’ स्मृतिभ्रंशाचा संशय असलेल्या माणसाच्या फाइलमध्ये अशा वाक्याला वजन येतं. ते खोडायला मला तीन महिने लागले.

तपासणीत जे दिसलं

बंद खोलीत, हेडफोन लावून केलेल्या तपासणीत दोन्ही कानांचा आलेख जवळजवळ सारखा आला. (डेसिबलचा आकडा म्हणजे आवाज किती मोठा केल्यावर ऐकू आला; आकडा जितका मोठा, तितकं कमी ऐकू येतं आणि आलेखातली रेघ तितकी खाली.) २५० आणि ५०० हर्ट्झच्या जाड, खालच्या आवाजांना ३० डेसिबलच्या आसपास, म्हणजे वयाच्या मानानं ठीक. १००० ला ४५, २००० ला ६०. ४००० हर्ट्झवर रेघ ८० पर्यंत खाली गेली आणि ८००० ला पुन्हा वर सरकून ७० वर आली.

शेवटचा तो खड्डा महत्त्वाचा. केवळ वयानं कान गेले तर रेघ उतरत जाते, ८००० ला सर्वात खाली असते. ४००० च्या आसपास खड्डा पडून पुढे रेघ वर येत असेल तर त्या माणसाचं आयुष्य मोठ्या आवाजात गेलं असण्याची शक्यता फार. वय वाढतं तसा हा खड्डा दोन्ही बाजूंनी बुजत जातो. ७७ व्या वर्षीही तो इतका स्वच्छ दिसावा, याचाच अर्थ मूळ इजा खोल होती.

आपल्या अंतःकर्णातल्या शंखासारख्या नळीत साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास ही आजची मर्यादा मानली जाते आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. १०० डेसिबलच्या खोलीत हा हिशोब पंधरा मिनिटांवर येतो.

बारीक आवाज गेले की काय होतं, ते मराठीत सांगते. अ, आ, ओ हे स्वर जाड आणि जोरकस असतात, ते ऐकू येतात. स, श, च, छ, फ, थ, ख ही सगळी वरच्या पट्टीतली, हवेची अक्षरं, आणि नेमकी ती गळतात. म्हणून असा माणूस ‘ऐकू येत नाही’ असं म्हणत नाही. काका म्हणाले, ‘आवाज येते न बाई, पण काय म्हणून राह्यले थे समजत नाही.’ आलेख न पाहता कुणी याहून नेमकं निदान सांगू शकणार नाही. कुकरच्या शिट्टीचं कोडंही इथंच सुटलं. शिट्टी बरोबर त्यांच्या खड्ड्यात पडत होती. ते कुकर विसरत नव्हते, शिट्ट्या मोजायची वाट पाहत हॉलमध्ये बसून राहत होते.

आणि मग मी डॉक्टरांनी केलेल्या स्मृतिचाचणीचा कागद मागून घेतला.

या चाचणीत एक प्रश्न असा असतो: शंभरातून सात वजा करा, उरलेल्यातून पुन्हा सात, असं पाच वेळा. बरोबर उत्तर ९३, ८६, ७९, ७२, ६५. काकांची उत्तरं डॉक्टरांच्या सहायकानं जशीच्या तशी लिहून ठेवली होती: ९२, ८४, ७६, ६८, ६०. पाचही उत्तरांवर फुल्या. मी तो कागद दोन-तीन वेळा वाचला. ‘सात’मधला स काढून टाका. उरतं ‘आत’. शेवटचा त धड कळला नाही तर जवळचा शब्द ‘आठ’. काकांनी शंभरातून आठ वजा केले होते, पाचही वेळा, एकही चूक न करता. ज्याची एकाग्रता आणि हिशोब मोजायचा, त्यानं दोन्ही चोख दाखवलं होतं आणि त्याला शून्य मिळालं होतं.

मास्क लावून, संगणकाकडे पाहत, पंखा सुरू असताना विचारलेला प्रश्न होता तो. मुद्दाम कुणी केलं नाही. पण नागपुरात आणि इतरत्रही रोज किती म्हाताऱ्या माणसांची परीक्षा अशी होत असेल, याचा विचार त्या रात्री मला झोपू देईना.

खाली

तिसऱ्या भेटीत काकांना तात्पुरती श्रवणयंत्रं लावून मी खोलीतला पंखा बंद केला, त्यांच्या समोर उजेडात बसले आणि वेगळा प्रश्न विचारला: ‘लढाईत आवाज कसले कसले असायचे?’

काका दीड तास बोलले. सून दारात उभी राहून ऐकत होती. लग्न होऊन तिला चौदा वर्षं झाली होती. यातलं तिनं एक अक्षर कधी ऐकलं नव्हतं.

१९६५ मध्ये, सतराव्या वर्षी ते भरती झाले. महालातला मुलगा, तोवर अंबाझरी तलावाहून मोठं पाणी पाहिलेलं नाही. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर इंजिनखात्याचं प्रशिक्षण आणि नंतर विमानवाहू आयएनएस विक्रांतवर स्टोकर. स्टोकर म्हणजे बॉयलरवरचा माणूस. पूर्वी कोळसा टाकायचा, यांच्या काळात भट्टीतेलाचे बर्नर सांभाळायचा. विक्रांतवर चार बॉयलर होते. १९७१ च्या युद्धात त्यातल्या एकाला तडे गेलेले असल्यामुळे तो बंद ठेवावा लागला आणि जहाज उरलेल्या तिघांवर, कमी वेगानं चाललं. एवढं मोठं जहाज अशा अवस्थेत लढाईत न्यावं की नाही यावर वरिष्ठ पातळीवर बराच खल झाला होता, हे पुढे सगळ्यांनाच कळलं. काकांना तेव्हा इतकंच ठाऊक, की उरलेल्या तीन बॉयलरना शिंकसुद्धा येता कामा नये.

‘आम्ही खाली होतो न बाई,’ ते म्हणाले. पाण्याच्या पातळीच्याही खाली. खिडकी नाही, दिवस-रात्र नाही. तिथं बोलणं नसतंच. हातानं खुणा आणि ओठ वाचणं. (ओठ वाचायची ही सवय त्यांना म्हातारपणी कामी आली. समोरचा चेहरा दिसला की त्यांना निम्म्याहून जास्त कळायचं, आणि त्यामुळेच घरच्यांना वाटायचं की ‘मनात असलं की बरोबर ऐकतात’.) हवा ओढणाऱ्या पंख्यांची सूंऽऽ अशी धार, तिच्या पोटात बर्नरची घरघर. त्यातला एखादा सूर बदलला की मान आपोआप तिकडे वळायची. आगीचा रंग भोकातून पाहायचा: हवा कमी पडली तर काळा धूर, जास्त झाली तर पांढरा. धुराड्यातून काळा धूर निघाला तर मैलोन्‌मैल दिसणार, म्हणजे जहाजाचा पत्ता शत्रूला आपण खालून कळवला. काचेच्या नळीतली पाण्याची पातळी डोळ्यांनी, पंपाची थरथर तळहातानं. ‘कानाचा भरोसा नव्हता, हाताचा होता.’

इथं सुनेनं एकदम विचारलं, ‘म्हणून गाडीच्या टाकीवर हात ठेवता बाबा?’

विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली, मुंबईत बरीच वर्षं संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ मध्ये मोडीत निघाली. तिचं पोलाद वितळवून मोटरसायकलच्या टाकीत वापरल्याचं बजाजनं २०१६ मध्ये जाहीर केलं आणि काकांच्या मुलानं तीच गाडी घेतली. वडिलांना सांगितलंही होतं, घाईत, पाठमोरं. त्यांनी ते ऐकलं की वर्तमानपत्रात वाचलं, हे त्यांनाच नीट आठवत नाही. पण ते टाकीवर हात ठेवून इंजिन ऐकत होते. जसं पूर्वी ऐकायचे तसं.

आता त्या प्रश्नाबद्दल.

विक्रांतवरून विमान उडायचं ते वाफेच्या कॅटापल्टनं. डेकखालच्या लांब नळीत वाफ सोडली की विमान काही सेकंदांत फेकलं जाई. ती वाफ यांच्याच बॉयलरची. म्हणून वर एक विमान सुटलं की खाली दाबाचा काटा झर्रकन पडायचा आणि सगळ्यांची धांदल उडायची: बर्नर वाढवा, पाणी सांभाळा, पुढच्या विमानाआधी दाब परत चढवा. ४ डिसेंबरला सी हॉक विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारच्या धावपट्टीवर पहिला हल्ला केला, त्याच दिवशी चितगावही झालं. ही नावं काकांना नंतर कळली. त्या दिवशी त्यांनी फक्त काटा पडलेला पाहिला. एक, दोन, तीन, चार, बोटांवर मोजत.

‘गेलेलं विमान काट्यावर समजे. आलेलं नाही समजे.’

परतणारं विमान डेकवरच्या तारांत अडकवून थांबवतात. त्या तारांची यंत्रणा वाफेवर चालत नसे, हायड्रॉलिक असे. विमान उतरलं तर खालचा काटा हलत नसे. वर गेलेल्या प्रत्येक माणसाची नोंद यांच्याकडे होती आणि परत आलेल्या एकाचीही नव्हती. चार तासांची पाळी संपली की शिडी चढून वर येताना जो पहिला माणूस भेटेल त्याला विचारायचं, ‘सगळे आले का?’ बधिर कानांनी उत्तर नीट ऐकू यायचं नाही. मग त्याची मान हलते का ते पाहायचं. नाही कळलं तर पुढच्याला विचारायचं.

हे सांगताना त्यांनी मान कशी हलायची ते करून दाखवलं. एकदाच, खाली-वर, सावकाश.

मी पेन खाली ठेवलं.

ते युद्ध १६ डिसेंबरला ढाक्यात संपलं. विक्रांतच्याच शोधात निघालेली पाकिस्तानची गाझी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली होती. ती कशानं बुडाली याबद्दल दोन्ही देशांचं म्हणणं अजून वेगवेगळं आहे. आणि ९ डिसेंबरच्या रात्री पश्चिमेला दीवजवळ आपली खुकरी ही युद्धनौका बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, हे बहुतेकांना ठाऊक असतं. काका त्यातल्या खालच्या लोकांबद्दल बोलले. पाणबुडीचा टॉर्पेडो जहाजाच्या पोटात लागतो आणि पोटात कोण असतं ते त्यांना माहीत होतं. त्यांच्याबरोबर लोणावळ्याला शिकलेला एक जण खुकरीवर होता. त्याविषयी दोन वाक्यं बोलून ते थांबले. मीही पुढे विचारलं नाही.

नंतरची वर्षं

१९८० मध्ये पंधरा वर्षं पूर्ण करून, पेन्शन घेऊन ते नागपूरला आले. ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम’ ही युद्धाची पदकं ट्रंकेत गेली. बॉयलर अटेंडंटची परीक्षा देऊन जवळच्याच एका औष्णिक वीज केंद्रात लागले आणि २००६ पर्यंत तिथं राहिले. म्हणजे बॉयलरच्या शेजारी एकूण ४१ वर्षं. कान जहाजावर किती गेले आणि नंतर किती, याची वाटणी आलेखावरून करता येत नाही आणि मी तशी करणार नाही. मुलाला ती हवी होती. काकांनी त्याला थांबवलं. ‘तेव्हा कानात कापूस घालाचे आम्ही. तेवढंच होतं.’ कानात शिट्टी वाजत राहते ती विशीपासून आहे, असं त्यांनी सहज सांगितलं. त्यांना वाटत होतं ती सगळ्यांनाच वाजते.

नागपुरात नौसैनिक असणं जरा एकटं असतं, हे मला या प्रकरणात उमगलं. इथं कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे, त्यामुळे सैनिक म्हणजे लष्करातला हेच डोळ्यांसमोर येतं. कॉलनीत काकांना ‘फौजी’ म्हणतात. पंधरा ऑगस्टला नातवाच्या शाळेत बोलवलं, मुलांनी विचारलं, ‘तुम्ही किती शत्रू मारले?’ काकांना प्रश्न कळला नाही. कळला असता तरी उत्तर नव्हतं. ते ‘भारत माता की जय’ म्हणून खाली बसले. नातू घरी येऊन रडला होता.

काय केलं

दोन्ही कानांना कानामागची यंत्रं बसवली. घरात एक जुनं यंत्र होतं, कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेलं, सगळेच आवाज सारखे मोठे करणारं. ते कपाटात का पडलं हे उघड होतं. अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज एकदम बोचतो. मधली जागाच आक्रसलेली असते. म्हणून सून हळू बोलली की ‘काय?’ आणि जोरात बोलली की ‘कायले वरडून राह्यली?’ तिला वाटे सासरे मुद्दाम छळतात. नव्या यंत्रात हळू आवाज जास्त उचलला आणि मोठा आवाज वरच अडवला. पहिले दोन आठवडे मुद्दाम कमी ठेवून, मग दर भेटीला थोडं वाढवलं.

खर्चाचा प्रश्न आला तेव्हा कळलं की माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्ययोजनेचं कार्ड घरात आहे, पण त्यातून श्रवणयंत्रासाठी शिफारस मिळू शकते हे कुणाला माहीत नव्हतं. ही योजना २००३ पासून आहे. इथल्या वाचकांत माजी सैनिकांची मुलं असतील तर आजच वडिलांचं कार्ड काढून पाहा.

घरच्यांना जे सांगितलं त्यातलं बरंच त्यांनी केलं. आधी हाक मारा, वळून पाहू द्या, मग बोला. तोंडावर उजेड असू द्या. ओरडू नका. एकदा नाही कळलं तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदला. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये बोलू नका. कुकरसाठी मी शिट्टीऐवजी घड्याळ लावायला सांगितलं होतं. नातवानं त्याहून चांगला उपाय काढला. शिट्टी झाली की तो आजोबांच्या खांद्यावर थापटी मारतो.

मारबतीच्या दिवशी काका इतवारीत गेले. शंभराहून जास्त वर्षांची ती मिरवणूक, लहानपणी ते तिच्यामागे पळायचे. ‘घेऊन जा गे मारबत’ हा पुकारा कितीतरी वर्षांनी शब्दासकट ऐकू आला म्हणाले. मग ढोल जवळ आले तसं यंत्र काढून खिशात ठेवलं. बरोबर केलं.

तीन महिन्यांनी त्याच डॉक्टरांनी पुन्हा चाचणी घेतली, या वेळी समोर बसून, मास्क न लावता. ९३, ८६, ७९, ७२, ६५. गुण बरेच वाढले. पूर्ण मिळाले नाहीत. लक्षात ठेवायला दिलेल्या तीन शब्दांपैकी एक त्यांना आठवला नाही आणि तो त्यांनी नीट ऐकला होता, कारण लगेच म्हणून दाखवला होता. स्मरणाची थोडी घट खरी आहे. यंत्रानं ती बरी होत नाही आणि तसं मी घरच्यांना स्पष्ट सांगितलं. श्रवणदोष हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांपैकी एक असल्याचं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०१७ पासून वारंवार मांडलं आहे. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत यंत्रांचा फायदा सरसकट सर्वांना दिसला नाही, ज्यांचा धोका आधीच जास्त होता त्यांच्यात दिसला. काका कोणत्या गटात बसतात हे दोन-तीन वर्षांनी कळेल. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचं निदान तूर्त मागे घेतलं आहे, दर सहा महिन्यांनी पाहणार आहेत. पहिल्या पानावरचं माझं ते वाक्य मी खोडलं, सही केली, तारीख टाकली.

२०२२ मध्ये कोचीला नवी विक्रांत दाखल झाली, तिचा व्हिडिओ नातवानं त्यांना दाखवला. तिच्यावर गॅस टर्बाइन आहेत, बॉयलर नाहीत. कॅटापल्टही नाही, विमानं चढावाच्या डेकवरून उडतात. काकांनी आवाज मोठा करायला सांगून तो तीनदा पाहिला. ‘खाली कोण राह्यते मग?’ त्यांनी विचारलं. नातवानं शोधून सांगतो म्हटलं आहे.

मागच्या भेटीला सून एकटीच आली, यंत्राच्या बॅटऱ्या न्यायला. तो प्रश्न अजून विचारतात का, असं मी विचारलं. विचारतात म्हणाली, रोज, दिवेलागणीला. मुलगा कामावरून आला, पोरं शिकवणीहून आली की ती आता हॉलमध्ये जाते, त्यांच्या समोर उभी राहते आणि तोंडानं ‘हो बाबा, सगळे आले’ म्हणताना मानही हलवते. एकदाच, खाली-वर, सावकाश. त्यानंतर ते पुन्हा विचारत नाहीत.

उजव्या कानाचा साचा सैल झाला आहे. पुढच्या भेटीत नवं माप घ्यायचं आहे.